चुण्यांचं तोंड वर

काय सांगू तुम्हाला, मी लई शहाणी तवा, जवान व्हते, बासष्ट वर्षांची, अन् त्या शहाणपणात मी माझ्या सुनेच्या मास्कला चुण्या घातल्या त्या उलट्या, तोंडं वर करून. सदऱ्याच्या खिशाचं तोंड असतं न्हाई का, तशा. नाकापुढं तीन खिसे. आधी मीच आरशात घालून घालून पाहिला, म्हणलं, वा गं बाई, काय हात हाय.

माझं माहेर सिद्धेश्वरचं, धरणाकाठचं, अन् मला दिलं हट्ट्याला, हळदीच्या गावात. शिवण मला कोणी शिकवलं न्हाई, वाकळी शिवता शिवता हात बसला, मंग बचत गटाची मशीन आली, तिच्यावर पिशव्या शिवल्या, परकर शिवले. सून माझी सुनंदा, बारावी शिकलेली, गावची आशाताई. ती मला पसंत नव्हती बरं का. मला पायजे व्हती खाली मान घालणारी, पोराला पायजे व्हती हीच. मंग मी रुसले. घरात हळदीची पोती थप्पीला लागलेली, अन् नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावायची येळ आली तवा मी नुसतं बोट टेकवलं अन् हात पुसून बाजूला झाले, अशी मी. समद्या बायांनी पाहिलं. तिनंबी पाहिलं.

तर कोरोना आला, समदं गाव कडी लावून बसलं, अन् ही निघाली दारोदार, ताप पाहायला, पुण्या-मुंबईहून कोण आलं ते लिहून घ्यायला. तोंडाला ओढणी, ती बोलता बोलता घसरायची. लोक आतूनच म्हणायचे, आशाताई, तूच रोग घेऊन फिरून राहिली, लांब थांब. ही लांब थांबून इचारायचीच. मी म्हणलं, दुकानात मास्क न्हाई तर न्हाई, मी काहून हाय मंग. जुनं सुती लुगडं काढलं, दोन पदर केले, तीन चुण्या मोडल्या, टाचण्या नव्हत्या तर बाभळीच्या काट्यांनी धरल्या, अन् परकराची नाडी लावून शिवला.

दुसऱ्या दिवशी ती तो बांधून गेली, अन् सांजच्याला आली ती शिंकतच. घसा खवखवून राहिला म्हणली, अन् कोणी न सांगता बाज उचलून गोठ्यात राहायला गेली. आत्याबाई, जवळ येऊ नका, ताट दगडावर ठेवा. मी ताट ठेवायची अन् लांबून पाहायची, हिचा श्वास बराबर चालू हाय का न्हाई. देवाला म्हणलं, न्यायचं तर मला ने, हिला हात लावू नको.

सकाळी तिचा मास्क काडीनं उचलला अन् उकळत्या पाण्यात टाकला. पाणी पिवळं. वाकून वास घेतला तर हळद. आदल्या दिवशी ही मळ्यावर गेली व्हती, तिथं हळद पॉलिश करायचं ड्रम फिरून राहिलं व्हतं, तिथल्या बायांचा ताप पाहात ही दिवसभर उभी. उडालेली समदी भुकटी माझ्या तीन खिशांत साठली, अन् ही ती हुंगत राहिली.

गोठ्याच्या दारात बसून मी चूक कबूल केली अन् मास्क वाळल्यावर उसवायला कातर घेतली. ही म्हणली, उसवू नका, इकडं फेका. तिनं तो खालची बाजू वर करून बांधला. चुण्यांची तोंडं आपोआप खाली. मी कातर हातात धरून बसलेली, येड्यावानी. शिंका तर दुपारीच थांबल्या, तरी पठ्ठी म्हणली, खात्री होऊ द्या, अन् पुरते दिवस गोठ्यातच काढले.

आजबी हंगामात ड्रमवरच्या बाया माझ्याकडूनच मास्क नेतात. वरच्या काठाला मी लाल दोरा घालते, न जाणो माझ्यासारखी आणखी एखादी शहाणी निघाली तर. सुनंदा अजून दारोदार फिरते, देव तिच्या पायांना बळ देवो. पण त्या दिवशी तोंडाला मास्क बांधून, डोळ्यांनी हसत ती जे म्हणली, ते जसंच्या तसं लिवा:

आत्याबाई, लग्नात तुमी बोटभरच हळद लावली व्हती. बाकीची आता पोचली बघा.