पापणीवरचा टाका

खुशालराव : पण मॅडम, माह्या भावाचा डोळा तं चांगला हाय ना! चांदूर रेल्वेहून सोयरे पाहाले आले, ज्यानं-त्यानं बोटं दाखवून इचारलं, किती? सगळ्याइले बरोबर सांगतली. एकाले तं म्हणे, तुही आंगठी पितळेची हाय.

डॉ. रश्मी : डोळा वाचला, कारण पापणीत घुसलेली काडी त्याच्या वरून गेली. डोळ्याच्या खोबणीचं छत फार पातळ असतं, आणि छतावर लगेच मेंदू. डोक्याच्या फोटोत दिसतंय, काडीचं टोक आतच मोडलंय.

खुशालराव : वावरात कपाशीची वाळली पऱ्हाटी उपटाले वाकला, बाजूचं खुट पापणीत घुसलं. त्यानंच ओढून काढलं. गावच्या डॉक्टरनं एक टाका मारला. झालं.

डॉ. रश्मी : काढलेली काडी कोणी पाहिली? अख्खी होती का?

दुर्गाबाई : ते तं चुलीत गेली, मॅडम. पऱ्हाटीचं दुसरं काय करते कोणी?

डॉ. रश्मी : मावशी, तुमच्या यजमानांच्या नाकातून पाणी येतं?

दुर्गाबाई : सर्दी झाली त्यायले. वाफ देऊन राह्यली मी, काढा पाजून राह्यली.

डॉ. रश्मी : एकाच नाकपुडीतून? वाकले की ठिबकतं?

दुर्गाबाई : हो. उशी वली होते.

डॉ. रश्मी : ती सर्दी नाही. मेंदूभोवतीचं पाणी आहे. ते ज्या वाटेनं बाहेर आलं, त्याच वाटेनं जंतू आत शिरले. कपाळामागे पू झालाय. ताप, उलट्या त्याच्याच. आजच ऑपरेशन करावं लागेल.

खुशालराव : डोकं खोलाचं? एका टाक्यासाठी? वयनी, चाला, नागपूरले दाखवू एकडाव.

डॉ. रश्मी : आणि वाटेत झटका आला तर?

दुर्गाबाई : भाऊजी, बसा थोडे. मले आता गाडीत बसण्याचीही ताकद नाई.

डॉ. रश्मी : एक विचारते. कपाळामागचा मेंदू माणसाचा स्वभाव सांभाळतो. वागण्यात काही फरक पडलाय?

खुशालराव : चांगलाच पडला! चंद्रभान म्हणजे चार मानसांत तोंड न उघडणारा. आता सोयऱ्याइची मस्करी करते.

डॉ. रश्मी : मावशी, तुम्हाला?

दुर्गाबाई : मले… काही नाई.

डॉ. रश्मी : खुशालराव, रक्ताची चिठ्ठी घेऊन खाली जाऊन या.

(खुशालराव जातो.)

दुर्गाबाई : भाऊजीसमोर कसं सांगू? हे मले नावानं हाका मारून राह्यले.

डॉ. रश्मी : म्हणजे?

दुर्गाबाई : तुमच्यात मारत असतीन. आमच्या घरी बायकोचं नाव कोण घेते? लगन झाल्यापासून मी नुसती ‘अवो’, नाईतं ‘अंकुरची माय’. आता सासऱ्यासमोर म्हणतेत, दुर्गा, बस इथं. दुर्गा, तू जेवली का?

डॉ. रश्मी : तुम्हाला काय वाटलं?

दुर्गाबाई : वाटलं, मरता मरता वाचले तं माया आली. सासू म्हणे, यानं लाज सोडली. म्या मनात म्हटलं, सोडू द्या. थंडी वाजली का दुर्गा, असंही इचारलं एक खेप. आता तुमी म्हणता, तो पू बोलून राह्यला.

डॉ. रश्मी : माया खोटी, असं नाही म्हणत मी. मनातलं अडवून धरणारा भाग दुखावलाय, एवढंच.

दुर्गाबाई : पू काढला का पह्यल्यासारखे होतीन?

डॉ. रश्मी : नक्की नाही सांगता येत. पण जगले, तर हळूहळू बरेचसे होतील.

दुर्गाबाई : म्हंजे मंग ‘अवो’.

डॉ. रश्मी : बहुतेक.

दुर्गाबाई : आना कागद. कुठं करू सही?

डॉ. रश्मी : इथं. आणि इथं.

दुर्गाबाई : ऑपरेशनले न्याच्या आधी मले एकडाव त्यायच्यापाशी जाऊ द्यान?

डॉ. रश्मी : जा. पण त्यांना फार बोलायला लावू नका.

दुर्गाबाई : मी तं काहीच बोलत नाई. दाराशी उभी राहीन. त्यायनं हाक मारली, तं आयकून घेईन.