उजवा हात

—नाही नाही, उठू नकोस, बांध तू बूट, मी काही बसायला आले नाहीये. ह्यांचा गुडघ्याचा पट्टा घरीच राहिला, तो द्यायला आले. हे कुठे गेलेत? मालकांकडे? बरं झालं. म्हणजे तसं नाही — पट्टा इथे ठेवते — बरं झालं म्हणजे तू एकटा सापडलास. वहिनी म्हणतोस ना मला? मग ऐक जरा. दार असंच राहू दे, कुणी आलं की कळेल. मालकांची खोली त्या टोकाला आहे ना? हां.

बाहेर कुस्तीच्या शोचं पोस्टर बघितलं तुझं. नाव काय, तर तोफ! छान आहे हो फोटो, दंड काय, छाती काय. राग मानू नकोस, पण मागच्या वेळी मी पहिल्या रांगेत होते आणि तुझा हात ह्यांच्या हनुवटीला लागलासुद्धा नव्हता. दिसलं मला. बाकी कुणाला दिसलं? कुणालाच नाही. कारण हे असे उडाले, असे दोरावर आदळले, डोळे पांढरे केले, की माझ्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. तू नुसता हात उचललास, तो मार लोकांना विकला ह्यांनी. तुम्ही लोक तसंच म्हणता ना — मार विकणं? तुझ्याआधी जो होता, ज्याला आता सगळे सलाम ठोकतात, त्याला धड मूठ वळता येत नव्हती. ह्यांनी त्याच्यापुढे पडून पडून त्याला मोठा केला. पेपरात त्याचा फोटो, आणि खाली कोपऱ्यात ह्यांचे तळवे. ते कात्रणसुद्धा जपून ठेवलंय ह्यांनी. म्हणतात, बघ, तळवे किती खरे वाटतायत.

हसतोस? हस. मीही हसायचे. हे घरी यायचे ना शो संपवून, तर दारातूनच लंगडत. उजवा पाय ओढत, भिंतीला धरत, "आई गं" करत. नेहमी उजवाच, नाटक ठरलेलं. मी आतून विचारायची, मेलात का? हे म्हणायचे, अर्धा. झालं, मग सरळ चालत येऊन जेवायला बसायचे. इतकी वर्षं हेच. लंगडत आले की माझा जीव भांड्यात पडायचा — माणूस धड आहे, थट्टा करतोय.

पण तो शो झाला ना, तुमच्या त्या जाड्यानं ह्यांना खांद्यावरून उलटं टाकलं तो — तू होतास की तिथे — त्या दिवशी हे सरळ आले. लंगडले नाहीत. बूट कोपऱ्यात नीट ठेवले, तोंड धुतलं. मी विचारलं, मेलात का, तर म्हणाले, काही नाही गं, दमलोय. अरे, ह्या माणसाला खरं दुखतं तेव्हा तो आवाज करत नाही! रिंगणात कुणी नुसतं फुंकलं तरी बोंब मारतील, पण घरी दाढ किडली होती तर गाल सुजेपर्यंत पत्ता लागू दिला नाही. तेव्हापासून आमच्या घरात एकदम शांतता आहे. मला भीती वाटते रे त्या शांततेची. रात्री उठून मी ह्यांचा श्वास ऐकते.

डॉक्टर? ह्यांना? नाव काढलं की हसतात. आणि मालकांकडे जाऊन आले मी, गेल्याशिवाय राहवेना. त्यांनाही हसू आलं. म्हणाले, वहिनी, त्यानं तुम्हालासुद्धा मार विकला की काय! आता काय बोलायचं ह्यावर? जन्मभर खोटं कण्हलेल्या माणसाची बायको मी, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तू ठेवशील? नाही, आत्ता सांगू नकोस. आधी एक सांग मला.

ते हाताचं. तुमचं ते हात दाबणं. माणूस पडला की वरच्यानं त्याला धरल्यासारखं करून गुपचूप हात दाबायचा — आहेस ना? — आणि खालच्यानं उलट दाबायचा — आहे. मला सगळं माहितीय, लग्न झालं तेव्हाच सांगितलंय ह्यांनी. तुमच्या सगळ्या धंद्यात तेवढंच एक खरं, म्हणायचे. आमच्याकडेही ते आलं मग. भांडण झालं, बोलणं बंद असलं, तरी मी येताजाता ह्यांचा हात दाबायची, हे उलट दाबायचे. की झालं, मिटलं. डावाच हात, कारण तुमचं सगळं डाव्या बाजूनंच चालतं ना, सवय. तर परवा हे टीव्ही बघत होते. मी शेजारी बसले आणि दाबला हात. काही नाही. म्हटलं, लक्ष नसेल. जोरात दाबला. टीव्हीवर काहीतरी विनोद झाला, हे हसले. मग मी — नख रुतवलं रे मी. वळ उठला. आणि हे हसतच होते, त्यांना ठाऊकच नाही मी हात धरलाय ते.

म्हणून विचारते. तू ह्यांचा कुठला हात दाबतोस? डावा. डावाच ना. मग तुला कळलं कसं नाही — काय? उजवा? आज उजवा दाब म्हणाले? कधी? आत्ता, इथे बसून? हसत म्हणाले असतील. हो, हसतच म्हणणार.

म्हणजे ह्यांना माहितीय.

थांब, मला बसू दे जरा. नाही, पाणी नको. आज लढतीच्या शेवटी काय आहे रे? खांद्यावरून? उलटं? डोक्यावर? … तू हळू टाकशील, हो, तू चांगला मुलगा आहेस. पण तुझ्या हातात आहे का ते? टाकणारा नुसता उचलतो, उडी पडणाऱ्याची असते. तू कापसासारखं ठेवलंस तरी हे स्वतःला आपटून घेतील, मागच्या रांगेपर्यंत आवाज जायला हवा म्हणून. नाही म्हणालास तर मालक दोन शिव्या घालून तुला उभं करतील, आणि ह्यांचं तर विचारूच नकोस. तुमच्या मुखवटेवाल्याच्या पोटात कळ आली होती तेव्हा केली ना लढत रद्द? आजारी माणसाला उभं नाही करता येत. पण आपण आजारी आहोत असं हे कबूल करणार आहेत का —

गप्प. ऐक. आले वाटतं.

लंगडतायत! ऐकतोस ना? पाय ओढतायत. बघ, आहे अजून थट्टा, मी उगाच तुझं डोकं — थांब. दारातून बघू दे जरा. हा टेकला तो उजवा. घासतोय तो… डावा घासतोय रे. नाटक उजव्याचं असतं.

ऊठ. बूट राहू दे, ऊठ म्हणते ना. पोट धर. असं नाही, दोन्ही हातांनी, आणि वाक. मालक, शोचा डॉक्टर, सगळ्यांना मी हाक मारते, एकदा डॉक्टर ह्या खोलीत आला की ह्यांच्याकडे कसं बघायला लावायचं ते माझ्यावर सोड. तू फक्त पड. ह्या माणसानं जन्मभर तुमच्यासाठी अंग टाकलं, एकदा त्याच्यासाठी पड. आणि नीट पड रे बाबा, ह्यांना खोटं लगेच कळतं. दारात आले.

पड.