उशाशी ठेवलेलं मशीन

दवाखान्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानात शिंपीमास्तर नंबराची वाट बघत बसले होते, पण त्यांचे कान मागच्या बाकावरच्या दोघी जावांकडे होते.

“ऑक्सिजनचं मशीन शेजाऱ्यांकडून आणलंस का गं परत?”

“गेले होते ताई. आठ दिवसांच्या बोलीवर नेलेलं, तीन महिने झाले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावायचाच.”

“मग?”

“मशीन किती तास चाललं ते त्याच्यावरच दिसतं. तीन महिन्यांत फक्त चार तास!”

“म्हणजे नुसतंच अडवून ठेवलंय? चांगलं सुनावायचंस की!”

“तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारचे आजोबा म्हणाले, ‘पोरी, हे उशाशी दिसलं की मग मला झोप लागते.’”

“अगं, पण आपल्या सासूबाईंना दम लागला तर?”

“भिंतीपलीकडे तर आहे. आणीन धावत.”

“मग आजोबांना काय म्हणालीस?”

“म्हटलं, मशीन न्यायला नाही आले, फिल्टर बदलायचाय का ते बघायला आलेय.”

“चार तासांत कसला फिल्टर बदलायचा?”

“नाही बदलायचा. पण आता आजोबा रोज विचारतात ना, आणलास का म्हणून. तोच घ्यायला तर इथे आलेय.”