खाली म्हणजे

ताई, मी एंटर मारला आन् पडद्यावर वळी धावाय लागल्या, भराभरा, आन् तेवढ्यात माल पाठवायच्या खात्यातनं फोन, पलीकडनं बाळूभाऊ वरडतोय, ए अश्विनी, मालावरचं स्टिकर येईना गं, गाडी भरायची खोळंबलीया, ड्रायव्हर माझ्या खानदानाचा उद्धार करतोय. मी म्हणलं भाऊ, प्रिंटरमधला कागद बघ, तो म्हणला कागद हाय गं बाई, तू काय केलंस ते बघ. तवा माझी नजर पडद्यावरच्या नावावर ग्येली, तर ज्या सर्व्हरवर मी समदं नव्यानं बसवाय घातलं व्हतं तो चालू सर्व्हर व्हता, आख्ख्या कंपनीचे स्टिकर त्याच्यावरनं निघायचे, आन् स्क्रिप्टनं पहिल्या झटक्याला त्येला पुसून कोरा केल्याला.

 

तसं मी काय इंजिनेर न्हाई हो. माझं माहेर खेडच्या अंगाला, बारावीत व्हते तवाच लग्न लावलं, परीक्षा राहिली ती राहिलीच. हितं कुरुळीत आले, मालक कंपनीत प्रेस शॉपला, मी आधी पॅकिंगला, ठेकेदाराकडनं. क्लास केल्याला म्हणून टायपिंग यायचं, तेवढ्यावर सर्व्हर रूममधी घेतलं. मिश्रा सरांनी घेतलं. त्ये तिकडचे, हिंदीवाले, मराठी कळतं पण बोलताना हिंदीच. पण माणूस लई चांगला, मला स्टूल दिऊन शेजारी बसवायचे, म्हणायचे देख बेटा, आधी एक सर्व्हर लावायला मी दिवसभर बसायचो, हे टाक, त्ये टाक, एक राहिलं की परत पहिल्यापासनं, आता समदं एकदाच स्क्रिप्टमधी लिहून ठिवलंय, तू फकस्त कुठल्या सर्व्हरवर त्ये सांग, बाकी तिचं ती करती. आन् खरंच करती ओ. चुकत न्हाई, दमत न्हाई. फकस्त चुकीचं सांगितलं तर त्ये बी तेवढ्याच मन लावून करती.

तर त्या दिवशी सर घरी व्हते, चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहत्यात त्ये. हिकडं माझी पोरगी तापल्याली, दात येत्यात ना, सासूबाईंचा सारखा फोन, दूध घीना, रडं थांबंना. एका कानात पोरगी आन् दुसऱ्या कानात सर, म्हणले अश्विनी, वो जो खाली है ना, उसपे चला दे. पडद्यावर दोन नावं, एक वर, एक खाली. मी खालच्यावर चालवली.

हसू नका ताई. हिंदी कळती की मला, पिक्चर बघतो आमी. पण त्या घडीला कानात मराठीच शिरलं. खाली म्हणजे खाली. सर म्हणत व्हते रिकामा. आन् रिकामा व्हता वरचा.

सरांना फोन केला तर मला बोलताच येईना, नुसती सर सर करतीया. त्ये म्हणले रो मत, कौनसा नाम दिख रहा है पढ़. मी वाचलं.  त्ये म्हणले अरे बेटा, खाली मतलब रिकामा. मराठीत म्हणले, रिकामा. मंग घरनंच बसून त्येंनी आदल्या दिवशीची नक्कल काढून समदं परत लावलं, पण तवर गेटावर गाड्यांची रांग.

दुसऱ्या दिवशी गायकवाड साहेबांनी केबिनमधी बोलावलं, मोठे साहेब, आपलेच, मराठी. म्हणले हे बघ, कुणाची तरी चूक दाखवाय लागणार, वरनं इचारत्यात. मिश्रांनी तुला काय सांगितलं? नेमका शब्द सांग. मी म्हणलं, साहेब, खाली. साहेब म्हणले, खाली? मी म्हणलं व्हय. त्येंनी लगीच लिहून घेतलं, म्हणले म्हणजे त्यांनीच तुला खालचा सांगितला, बास, एवढंच हवं व्हतं, जा तू कामाला.

आन् मी उठले बी ताई. खोटं न्हाई बोलले काय, शब्द तोच व्हता. दारापातूर ग्येले. पण माझ्या तोंडाला थांबायची सवयच न्हाई, माघारी फिरले आन् म्हणलं, साहेब, त्येंच्यात खाली म्हणजे रिकामा, सर बरोबर बोलले, मीच खालचा समजले. साहेबांनी पेन ठिवला. माझ्याकडं असं बघितलं जशी मी येडी हाय. म्हणले अगं, कळतंय का तुला तू काय बोलतीयास? मंग म्हणले घरी जा, कळवतो.

तवापासनं घरी हाय. मालक म्हणत्यात, एक शब्द बोलून सुटली व्हतीस, दुसरा कशाला बोललीस, त्येंच्याकडं डिग्री हाय, त्येंना धा नोकऱ्या, तुला कोण हुबं करतंय? त्येंचं बी खरंच हाय. सरांचा फोन आल्ता, म्हणले पागल है क्या तू, मंग म्हणले, बच्ची का बुखार उतरा? ठेकेदार फोन उचलत न्हाई. फोन वाजला की पळत जाऊन बघती, न्हाई वाजला तरी बघती.

तुमी शिकल्याल्या, चार माणसांत वावरल्याल्या. खरं सांगा ताई, तुमी त्या दारात असता, आन् साहेब म्हणले असते बास, जा, तर तुमी गेला असता का?