देवाला उकळलेलं पाणी

मुरुडच्या दवाखान्यात लहानग्या चंद्रप्पाचं वजन अर्ध्या किलोनं वाढलं. मग त्याच्या आईनं, शिवगंगेनं, वजनाच्या झोळीवरचा आपला हात काढला, आणि काटा पुन्हा होता तिथं आला. मागं खोकल्याच्या औषधासाठी उभे असलेले हणमंतराव खोकायचं विसरून ऐकू लागले.

"सुकडी खातो का पोरगा?" नर्सबाईंनी विचारलं.

"लई खातो बाई. समदी जुलाबात जाती."

"पाणी उकळून पाज म्हणलं होतं ना तुला?"

"रोज उकळते की. सासू म्हणती, एवढं चांगलं पाणी देवाला."

"अन् पोराला?"

"टँकरचं, तसंच."

"देवाला जुलाब न्हाईत ना?"

"न्हाई, देव बरा हाय."

"उरलेलं तरी पाज."

"देवाची अंघोळ हाय बाई, उरतंय कुठं?"

"सासूला सांग की."

"ती फक्त लेकाचं ऐकती."

"मग नवऱ्याला सांग."

"ते खडी फोडाया गेले दुष्काळात. दिवाळीपासून पत्ता न्हाई. घरात बोलाया सासू अन् देव. बाई, आता जिल्हा नवा झालाय म्हणं. तुम्ही नव्या कलेक्टरसाहेबाला अर्ज करा. त्यात लिवा, सासूस समजावण्याकरिता आमचे मालक एक दिवस मिळावेत, ही विनंती. तिला दिसतं कमी, दुसरा माणूस बी चालंल. आवाज तेवढा त्यांचाच असावा."