हिरिहिरीचा अर्थ

हॅलो? … हो, चिन्मयीच बोलतेय. … काजल? हा नंबर प्रमोदिनीचा ना? … तुझा फोन डिस्चार्ज. बरं. झाली मुलाखत? …

नाही म्हणाले. … तोंडावरच? … बरं. जपानची वृद्धसेवेची नोकरी गेली म्हणजे. …

अगं, रडू नको. म्हणजे रड, पण आधी सांग, विचारलं काय? … समजा, वृद्धाश्रमातले आजोबा. हातावर उकळता चहा सांडला. म्हणतात, 'हात हिरिहिरी होतोय.' … हो, जपानीत हिरिहिरी म्हणजे आग होणं. बरोबर ओळखलंस. मग तू काय म्हणालीस? …

परत सांग. …

'पाणी नको, तेल चोळते.' …

नाही, ऐकू येतंय. …

हो, मीच शिकवलं होतं. तुम्ही भिवापूरच्या पोरी, मिरचीची देठं खुडून तुमच्या हातांची आग होते, म्हणून तो शब्द मी मिरचीवरून शिकवला. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. … हो, तेवढा एकच धडा कुणी विसरलं नाही. …

पण हा चहा होता, काजल. भाजल्यावर आधी थंड पाणी. तेलाने उष्णता आतच राहते. … नाही वं, तू नाही चुकलीस. चहाचं उदाहरण मी दिलंच नव्हतं. …

वाक्य? वाक्य बरोबर होतं. एकही प्रत्यय चुकला नाही. …

मला? काहीच वाटत नाहीये. फळा पुसत होते, डस्टर हातातच आहे. …

थांब. प्रमोदिनी मुलाखतीला आत गेली का? … बाहेरच आहे? दाराशी? … मग तिला सांग. तिलाही मीच शिकवलंय. हाच प्रश्न येईल असं नाही, पण आला तर. …

काजल? …

'काहून सांगू?' …

का सांगायचं? … खरंच माहीत नाही मला. तुला पुन्हा सहा महिन्यांनी बसता येईल, तेही त्यांनी बोलावलं तर. तिला सांगून तुझं काही परत येणार नाही. नाही सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही. …

हॅलो? … आहेस ना? … कुठे चाललीस? …

अगं, फोन तोंडाशी धरून काय ओरडतेस… 'तेल नाही वं, थंडं पानी!'… हळू, आत ऐकू जाईल… काय म्हणाली ती? … काजल, काय म्हणाली? …

हॅलो?