सगळे टोले सारखेच दूर

नाई नाई, जंगूभाऊ, तसं नाई — तुमच्या टोल्याचं, तुमच्या वस्तीचं नाव यादीतून कोणी खोडलं नाई. बसा तं खरं. वर बसा जी, खुर्चीवर, खाली कायले बसता, मॅडम नागपूरले मिटिंगले गेल्या, इथी आता मी अन् हा पंखा. तुमचा राग बराबर आहे. पाण्याच्या सोलर टाक्या आल्या, त्या बसल्या रस्त्यावरच्या टोल्याईत, ज्याईच्या दारात पह्यलेच बोअरिंग — अन् तुमच्या बाया अजून नाल्यावर. कोणी बी म्हणन का वशिला लागला, पैसा खाल्ला. पण वशिला नाई, पैसा नाई, तुमच्यावर कोणाचा डोळा बी नाई. नावाचा घोटाळा झाला. तुमच्या नावाचा नाई जी — कॉम्प्युटरातल्या नावाचा. हसले का? नाई हसले. बरं.

आता पाहा, सोपं करून सांगतो. आमच्या संस्थेत दोन कुलदीप आहेत. एक मी, आकडेवाला. दुसरा गाडीवाला, ज्यानं आमाले पाण्याच्या मोजणीले तुमच्या नाल्यापर्यंत आणलं होतं, मिशीवाला — हो, तोच. आता मॅडम आतून ओरडतात, "कुलदीप!" आडनाव नाई, काई नाई. मंग कोण उठते? जो सगळ्यात शेवटी खोलीत आला, तो. कारण तो दाराजवळ बसला राह्यते. मॅडमले पाहिजे असते आकडे, अन् समोर उभा गाडीवाला, हातात किल्ली घेऊन. मॅडमचं चुकलं का? नाई. गाडीवाल्याचं? तो बिचारा आपल्या नावाले ओ देऊन राह्यला. माझं? मी तं उठलोच नाई. अस्संच कॉम्प्युटरात झालं. आमी आकड्याचं काम करतो ते एका प्रोग्रामात, त्याच्यात वेगवेगळी पॅकेजं घ्या लागतात — पॅकेज म्हंजे समजा अवजाराची पिशवी — अन् दोन पिशव्याईत एकाच नावाचं अवजार निघालं. एक नवीन पिशवी, एक जुनी. गंमत म्हंजे दोन्ही एकाच माणसानं बनवल्या म्हणतात. घरातलंच भांडण.

नवीनवाल्याले सांगितलं का टोल्या-टोल्याची सरासरी काढ, तं तो तशी काढते. या टोल्यातल्या बाया पाण्यासाठी इतकं चालतात, त्या टोल्यातल्या तितकं. जुन्याले टोला-बिला समजत नाई. तो सगळा तालुका एका टोपल्यात ओतते अन् एकच आकडा सगळ्याईच्या नावापुढे लिहून देते. आता मी तं नवीनच घेतलं होतं जी! सगळं बराबर चालून राह्यलं होतं. पण ऐन वक्तावर मॅडम म्हणाल्या, कुलदीप, रंगीत चित्र पाहिजे, पाहुणे येऊन राह्यले, शाल-श्रीफळ आहे, नुसते आकडे कोण पाहते. मंग मी माझाच एक जुना कोड काढला चित्रासाठी, त्याच्यासंगं जुनी पिशवी आली, ती शेवटी आली म्हणून दाराजवळ बसली — अन् मी सगळं काम पुन्हा वरून चालवलं. हाक मारली एकाले, उठला दुसरा.

अन् उठला तं उठला, अडखळला बी नाई! तेच तं दुःख आहे. कॉम्प्युटर बंद पडला असता, बोंबलला असता, तं मी पाह्यलं असतं ना. नाई. चुपचाप उत्तर देल्लं, एकदम साफ. पिशवी उघडताना बारीक अक्षरात सांगते बाप्पा तो, का हे नाव आता त्याच्या आड गेलं म्हणून. पण ते कोण वाचते? रोजच येते. रोज येणारी सूचना म्हंजे गावातला भुंकणारा कुत्रा, कोणी उठून पाहत नाई.

मंग काय उत्तर आलं? सगळ्या टोल्याईतून पाणी सारखंच दूर. रस्त्यावरचा टोला — तेवढंच. मधातला टोला — तेवढंच. तुमचा टोला, जिथी आमची गाडी बी पोचली नाई — तेवढंच! पूऱ्या तालुक्यात देवानं पट्टी घेऊन पाणी वाटलं म्हणा. अन् कोणाले शंका नाई आली. पाहुणे म्हणाले, वा, किती समतोल आहे. मॅडमनं भाषणात तोच शब्द घेतला — समतोल. टाळ्या पडल्या. चित्र बी मस्त दिसत होतं, सगळे खांब एका उंचीचे, हिरवे.

आता टाक्या तं मोजक्याच होत्या. सगळेच सारखे दूर, मंग पह्यली टाकी कोणाले? तं यादीत जो वर, त्याले. अन् यादीत वर कोण? आमची मोजाची रीत तुमाले माहीत आहे — गाडी जिथपर्यंत जाते तिथून सुरू करतो. पह्यला टोला डांबरी रस्त्यावरचा, तिथी चहा बी भेटते. मंग आतला, मंग अजून आतला. तुमचा शेवटी, कारण नाल्याच्या अलीकडे गाडीवाल्या कुलदीपनं हात जोडले, म्हणे इथून पायी जा बाबा. म्हणून तुमी यादीत खाली. दूर आहात म्हणून खाली, अन् खाली आहात म्हणून पाणी नाई. याले काय म्हणाचं? मी तं म्हणतो, कोणाचीच चूक नाई.

…हो, मले आठवते ना. बुधरीबाईसंगं मीच गेलो होतो. तुमची सून ना ती? डोक्यावर पाण्यासाठी दोन रिकामे गुंड, अन् चालते अशी का मी मागून पळून राह्यलो, खिशात मोबाईल अंतर मोजून राह्यला. त्या वळणावर आली का टाळ्या वाजवे. मी म्हटलं काऊन टाळ्या? तं म्हणे, अस्वल राह्यते, त्याले सांगा लागते का आमी आलो. मंग मी बी टाळ्या वाजवल्या! मोठ्यानं वाजवल्या, खोटं कायले सांगू. तिथी रेतीत झिरा उकरला तिनं, पाणी निवळू देल्लं, अन् पह्यले मले पाजलं भोपळ्याच्या तुंब्यातून. तिच्या गुंडात थेंब नव्हता तवा. मले विचारे, हे मोजून काय होते? मी म्हटलं, पाणी येते.

मी म्हटलं असं. हो. मीच म्हटलं.

म्हणून तं कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आकडा पाह्यला अन् मले कसंतरीच — दुसऱ्या दिवशी म्हंजे नंतर. नंतर दिसलं मले, बऱ्याच नंतर. …नाई, टाक्या बसल्यावर नाई. पह्यले. म्हंजे कार्यक्रम होऊन गेला होता ना जी! छापून झालं होतं, वाटून झालं होतं, मॅडमचा फोटो आला होता पेपरात. मी गेलो होतो सांगाले. दारापर्यंत गेलो. आतून मॅडम ओरडल्या, "कुलदीप!" — अन् गाडीवाला उठून गेला. मी परत येऊन बसलो. माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे, भाऊ. सिंदेवाहीले माय एकटी आहे, तिले वाटते पोरगा साहेब झाला.

अन् दुरुस्त कराले काय लागते माहीत आहे? चार टिंबं. अवजाराच्या नावाआधी त्याच्या पिशवीचं नाव लिहाचं अन् मधात चार टिंबं, दोनाच्या दोन जोड्या. झालं. मंग कोणी बी दाराजवळ बसो, ज्याले बोलावलं तोच उठते. पूरं नाव घेऊन हाक मारली का भांडण मिटलं. आता तं मी एक असं पॅकेज लावून ठेवलं, का एका नावाचे दोन दिसले तं ते कामच थांबवते, म्हणते पह्यले सांग — कोणता पाहिजे? मशीन विचारते, भाऊ. माणसं नाई विचारत.

हे पाहा, तुमाले वाटन का कुलदीप नुसता बोलून राह्यला. या, इकडे या, स्क्रीनवर पाहा. हे. चार टिंबं टाकून मी केलं ना पुन्हा, तवाच केलं. हे खांब पाहा आता — रस्त्यावरचा टोला, कसा बुटका. हे मधातले. अन् हा, वरपर्यंत गेला तो? हा तुमचा. पूऱ्या तालुक्यात सगळ्यात उंच. दुसरा जवळपास बी नाई. खाली नाव लिहिलं आहे पाहा — हिरमीटोला. किती साफ आलं ना? मी एकदोनदा काढून पाहतो असं, कोणी नसलं का.

…नाई, कागदावर नाई देता येत. नाई जी, ते नका मागू. मॅडमची सही लागते, मॅडमनं सही केली तं त्याईनंच म्हटल्यासारखं होते का समतोल नव्हता. तुमी अर्ज करा. पुढच्या मोजणीत पाहू. पुढच्या खेपेले तुमच्याकडून सुरू करतो, बस? शब्द आहे माझा… मोबाईल कायले काढला? फोन आला का?

अजी. अजी जंगूभाऊ, काय करून राह्यले? फोटो घेतला? पुसा तो. पुसा म्हणतो ना. माझी नोकरी जाईन, समजते का तुमाले? मी भला माणूस म्हणून तुमाले बसवलं, समजावून सांगितलं —

…

दाखवा इकडे. पाहू द्या कसा आला.

काईच दिसत नाई याच्यात. खिडकीचा उजेड पडून राह्यला, तुमचा खांबच पांढरा झाला. थांबा. थांबा जरा, परदा लावतो. …हं. आता काढा. जवळून. टोल्याचं नाव आलं पाहिजे खाली. हात हलवू नका. अजून एक काढा.

आता निघा, मुलचेऱ्याची एसटी लागली असन. अन् हे पाहा — कुठी बी दाखवाल तं पह्यला सवाल येईन, का कोणी देल्लं. तुमी नुसतं कुलदीप म्हणाल, तं सगळे गाडीवाल्याले धरतीन. तो दाराजवळच बसते. मागं एकदा माझ्यावरची बोलणी त्यानं खाल्ली होती, अन् मी चूप होतो. म्हणून पूरं नाव सांगा. आकडेवाला. कुलदीप रामटेके. म्हणा पाहू एकदा… हं. जा आता.